रिकाम्या हाताने जाऊ नका: आयर्लंड-ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

सप्टेंबरात बॅगा घेऊन उतरलेल्या माणसाला बँकेचं खातं, भाडेकरार, डॉक्टरकडची नोंदणी याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. रूढींबद्दल कुणी सांगत नाही, कारण इथल्या लोकांना त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. आपल्याकडे तरी ‘निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं’ हे नव्या माणसाला कोण लिहून देतं?

मी सात वर्षं इंग्लंडात डर्बीशरला काढली आणि आता आयर्लंडात, क्लेअर काउंटीत राहते. दोन्हीकडे एक गोष्ट मनात पक्की झाली. इथल्या चमत्कारिक वाटणाऱ्या प्रथा बघ्यांसाठी मांडलेल्या नसतात. हातात काहीतरी घेऊन गेलात किंवा हात कामाला लावलेत, की लोक तुम्हाला आपल्यात धरतात. म्हणून पुढे जमेल तिथे न्यायचं काय आणि करायचं काय, हे सांगितलं आहे. वर्ष सप्टेंबरपासून धरलंय, कारण आपली बरीच मंडळी तेव्हाच येतात.

पहिली पायरी: नावं नीट घ्या

डब्लिन, कॉर्क, गॉलवे, क्लेअर हे सगळं आयर्लंड या स्वतंत्र देशात येतं. १९२२ साली हा भाग ब्रिटिश राज्यातून बाहेर पडला. दोन्ही बेटांना मिळून ‘ब्रिटिश बेटं’ म्हणायची भूगोलाच्या पुस्तकातली सवय इथे बोलताना सोडून द्या. ‘सदर्न आयर्लंड’ही नको, नुसतं आयर्लंड म्हणा. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये आहे. तिथलं एकच शहर कुणासाठी डेरी असतं, कुणासाठी लंडनडेरी. तिथे ११ जुलैच्या रात्री उंचच्या उंच होळ्या पेटतात आणि १२ तारखेला ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका निघतात. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईची ती आठवण. प्रोटेस्टंट समाजाला त्याचा अभिमान आहे आणि कॅथलिक समाजाला तीच जुनी ठसठस. पहिल्या वर्षी लांबून पाहा, ऐका, मत देऊ नका.

दुसरी पायरी: पहिला आठवडा

आयर्लंडात चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हणायची रीत आहे. यजमान पुन्हा विचारतो, तुम्ही पुन्हा ‘कशाला उगाच त्रास’ म्हणता, तो तिसऱ्यांदा विचारतो आणि मग ‘बरं, तुम्ही घेणार असाल तर घोटभर’ असं म्हणून गाडी रुळावर येते. आग्रहात वाढलेल्या मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. इंग्लंडात मात्र एकदा ‘नको’ म्हणालात की विषय संपला. तिथे आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास नसणं. हवा असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, चालेल’ म्हणा. तुमच्या घरी आलेल्या आयरिश पाहुण्याला मात्र तीनदा विचारा. एकदाच विचारून थांबलात तर तो चहा न पिताच जाईल.

गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट हळूच उचलतो. ओळख असायची गरज नाही. तुम्हीही उचला. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’ म्हणा, सगळे म्हणतात.

पबमध्ये चार जण बसले की ‘राउंड’ चालतो. एक जण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. दारू पीत नसाल तरी यातून सुटका नाही आणि ती मागूही नये. आयर्लंडात ‘मिनरल’ म्हणजे शीतपेय. ते मागा, पण तुमची पाळी आली की उठून सगळ्यांसाठी आणा. लवकर निघायचं असेल तर पहिला राउंड आपणच घ्यावा. इतरांच्या तीन राउंडवर पिऊन आपली पाळी यायच्या आत निघून गेलेला माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

आणि एकटा मॅगपाय, म्हणजे तो काळा-पांढरा लांब शेपटीचा पक्षी दिसला की शेजारचा माणूस मान तुकवून ‘गुड मॉर्निंग, मिस्टर मॅगपाय’ म्हणेल, बायकोचीही चौकशी करेल. एक दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद, अशी समजूत आहे. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार म्हणणाऱ्या आपल्या माणसांना यात काही खटकायला नको.

तिसरी पायरी: शेताच्या मध्यावरचं झाड

आयर्लंडात शेत सगळं नांगरलेलं असतं आणि मधोमध एकच काटेरी, वाकडं झाड तसंच उभं असतं. ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जातो. हे हॉथॉर्न. एकट्या हॉथॉर्नला हात लावायचा नाही, ते ‘त्यांचं’ असतं. ‘ते’ म्हणजे परी-लोक, पण म्हातारी माणसं तो शब्द टाळतात आणि ‘गुड पीपल’ म्हणतात. रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ म्हणायची आपली पद्धत आठवा, म्हणजे कळेल.

हे फक्त आजीच्या गोष्टींत उरलंय असं समजू नका. १९९९ साली क्लेअरमध्येच, लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असं एक झाड आलं. एडी लेनिहन या कथाकाराने जाहीरपणे आवाज उठवला, बातम्या झाल्या, आणि झाड वाचेल अशा बेताने रस्ता आखला गेला. त्या झाडाशेजारून गाडी जाते तेव्हा मला कोकणातल्या देवरायांची आठवण येते. तिथेही कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस काठावरच थांबतो.

घर भाड्याने घेतलंत आणि आवारात हॉथॉर्न असेल तर मालकाला विचारल्याशिवाय फांदीही तोडू नका. मे महिन्यात त्याला पांढरा बहर येतो. कितीही सुंदर दिसला तरी तो घरात आणून फुलदाणीत ठेवू नका, ते अशुभ मानतात. कुंपणाच्या झुडपांची छाटणी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कायद्यानेच बंद असते, पक्ष्यांच्या विणीसाठी. शेतात मातीचा गोल बांध दिसला तर तो ‘रॅथ’, म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची जागा. तिथली माती, दगड काहीही हलवू नका. लोकसमजूत आणि पुरातत्त्वाचा कायदा, दोन्ही तेच सांगतात.

चौथी पायरी: हॅलोविन आणि आपली दिवाळी

३१ ऑक्टोबरचं हॅलोविन अमेरिकेतून आलं असं अनेकांना वाटतं. मुळात ते इथलंच, ‘साउइन’ नावाच्या जुन्या सणातून आलेलं, हिवाळ्याच्या उंबरठ्यावरचं. दिव्यासाठी भोपळ्याच्या आधी इथे सलगम कोरत. मेयो काउंटीत टर्लो पार्कला ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे अशा एका जुन्या सलगमाच्या दिव्याची प्रतिकृती ठेवली आहे. दात विचकलेला तो चेहरा पाहिलात तर आजचे नारिंगी भोपळे फारच गोजिरवाणे वाटतील.

त्या संध्याकाळी खाऊ मागायला दारावर येणाऱ्या मुलांसाठी पुड्यात बांधलेली चॉकलेटं आणून ठेवा. घरी केलेलं उघडं काही देऊ नका, पालक खाऊ देत नाहीत. तुमची मुलं फिरणार असतील तर ज्या घराबाहेर भोपळा किंवा दिवा आहे तीच दारं वाजवायची. दुकानातून ‘बार्मब्रॅक’ आणा. हा मनुका घातलेला गोडसर पाव, लोण्याबरोबर खातात. त्यात कागदात गुंडाळलेली अंगठी असते. ज्याच्या वाट्याला येईल त्याचं लग्न वर्षभरात ठरणार. पूर्वी अंगठीबरोबर नाणं, चिंधी, वाटाणा, काटकीही घालत. नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे ओढग्रस्त. कापण्याआधी लहान मुलांना सांगून ठेवा, नाहीतर अंगठी दाताखाली येते.

आता दिवाळीचं. ती याच्याच आगेमागे येते, म्हणून फटाक्यांचे नियम नीट समजून घ्या. आयर्लंडात घरात वापरायचे अगदी किरकोळ प्रकार सोडले तर परवान्याशिवाय फटाके जवळ बाळगणंही गुन्हा आहे. उत्तर आयर्लंडातून ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून आणलेले असले तरी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ वर्षांवरच्यांना विकत मिळतात आणि रात्री ११ नंतर उडवायचे नाहीत. ५ नोव्हेंबरला ही मर्यादा रात्री १२ पर्यंत जाते, आणि दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत. नियमात दिवाळीचं नाव आहे. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी चिठ्ठी टाका आणि सोबत चकल्या-शंकरपाळ्यांचा डबा द्या. कुत्रा असलेलं घर आधी.

५ नोव्हेंबर ही ब्रिटनची होळी. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांचा संसद उडवण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून ती पेटवतात. ससेक्समधल्या लुइसला ती सर्वांत मोठी होते, पण गर्दी आणि धूर इतका की लहान मुलांना घेऊन पहिल्या वर्षी गावातल्या शाळेच्या किंवा क्लबच्या होळीलाच जावं. घरी लाकडं रचलीत तर पेटवण्याआधी खालून नीट पाहा, साळिंदराच्या जातकुळीसारखी दिसणारी इवली काटेरी हेजहॉगं उबेला आत जाऊन बसतात.

तारीख नसलेली पायरी: शेजारी कुणी गेलं तर

आयर्लंडात राहणाऱ्याने ही पायरी सर्वांत आधी वाचावी असं मला वाटतं, कारण इथे माणसाची पारख यावरून होते.

माझ्या गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा मी घरातच बसून होते. आपलं सुतकाचं वळण, परक्यांच्या घरी अशा वेळी लुडबुड करू नये हा संस्कार. समोरच्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, “तू येतेयस ना?” आम्ही गेलो. दार सताड उघडं. बाहेर रस्त्याच्या कडेने गाड्या. आत स्वयंपाकघरात तीन बायका सँडविचेस कापत होत्या, त्रिकोणी, कडा काढलेली. किटली एकदा उतरत होती की दुसरी चढत होती. बाजूच्या खोलीत शवपेटी उघडी, आजोबा सुटात, बोटांमध्ये जपमाळ गुंफलेली. भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं आणि आरशावर चादर. पेटीशेजारी त्यांची मुलगी बसली होती आणि कुणीतरी आजोबांनी विकलेल्या एका खोडकर गाढवाची गोष्ट सांगत होतं. ती रडत होती आणि हसतही होती.

याला ‘वेक’ म्हणतात. तुम्ही काय करायचं ते क्रमाने सांगते.

बातमी कळली की ‘आरआयपी डॉट आयई’ हे संकेतस्थळ पाहा. गावाकडे स्थानिक रेडिओवरही निधनवार्ता वाचतात. तिथे घरी कधी जायचं, चर्चमध्ये कधी, दफन कुठे, सगळं लिहिलेलं असतं. हे सारं बहुधा दोन-तीन दिवसांत उरकतं, म्हणून ‘शनिवारी बघू’ म्हणू नका. ‘हाउस प्रायव्हेट’ लिहिलं असेल तर घरी जायचं नाही, फ्युनरल होममध्ये किंवा चर्चमध्ये भेटायचं. ‘फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली’ लिहिलं असेल तर फुलं न्यायची नाहीत.

घरी जाताना ताटलीत काहीतरी न्या. सँडविचेस, केक, सफरचंदाचा टार्ट, अगदी दोन मोठे दुधाचे कॅन आणि चहाच्या पिशव्याही सोन्यासारख्या असतात, कारण शंभर माणसं चहा पिऊन जातात. ताटलीच्या तळाला आपल्या नावाची पट्टी चिकटवा, म्हणजे ती परत येते. कॅथलिक घर असेल तर ‘मास कार्ड’ नेतात, म्हणजे गेलेल्या माणसासाठी प्रार्थना होणार असल्याचं कार्ड. ते चर्चच्या कार्यालयातून घ्या. बिशप किंवा धर्मसंघाच्या परवानगीशिवाय अशी कार्डं विकण्यावर २००९च्या कायद्याने बंदी आहे.

आत गेलात की घरची माणसं ओळीने बसलेली किंवा उभी असतात. प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि एकच वाक्य म्हणायचं: ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’ ओळख नसली तरी चालतं. ‘कसे गेले’ विचारू नका, सांत्वनाचं भाषण करू नका. मग पेटीपाशी क्षणभर उभं राहा. काही जण हाताला स्पर्श करतात. तुम्हाला जमत नसेल तर मान झुकवणं पुरे.

पुढची गोष्ट आपल्याला सर्वांत अवघड जाते. आपल्याकडे त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात घेऊन जातात आणि तिथे पाणीही न पिता माणूस निघतो. इथे त्याच घरात चहा हातात ठेवतात. मी पहिल्यांदा कप हातात धरून नुसती उभी होते. काकूंनी हळूच सांगितलं, “दोन घोट घे. त्यांना बरं वाटतं.” तेव्हापासून मी घेते. ज्यांना मनातून पटत नाही त्यांनी कप तरी घ्यावा आणि घरी येऊन अंघोळ करावी, त्यात कुणाचा अपमान नाही.

शववाहिका गावातून जाते तेव्हा दुकानं दारं लोटून घेतात, गाड्या थांबतात. तुम्हीही थांबा, टोपी काढा. महिन्याने ‘मंथ्स माइंड’ असतो, गेलेल्याच्या नावाने प्रार्थना. तिथे गेलात तर घरची माणसं ते विसरत नाहीत.

इंग्लंडात यातलं जवळपास काही लागू होत नाही. तिथे अंत्यसंस्कार व्हायला दोन-तीन आठवडे सहज लागतात आणि न सांगता घरी जात नाहीत. हाताने दोन ओळी लिहिलेलं कार्ड दारातून टाका आणि निरोपाची वाट पाहा.

नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत

२६ डिसेंबरला आयर्लंडात ‘रेन डे’. पेंढ्याचे पोशाख आणि मुखवटे घातलेली टोळकी ढोल-बासरी वाजवत फिरतात, केरीतल्या डिंगलला तर दिवसभर. पूर्वी रेन हा चिमुकला पक्षी मारून काठीला बांधून मिरवत. आता खरा पक्षी नसतो. खिशात सुटी नाणी ठेवा, ती मागतात आणि बहुधा चांगल्या कामाला जातात. मुखवट्यामागे कोण आहे हे ओळखलंत तरी मोठ्याने नाव घेऊ नका.

स्कॉटलंडमध्ये नाताळपेक्षा ३१ डिसेंबरची रात्र, ‘हॉगमने’, मोठी. तिथे १९५८पर्यंत नाताळची सार्वजनिक सुट्टीच नव्हती. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडणारा तो ‘फर्स्ट फूट’, आणि तो उंच, काळ्या केसांचा पुरुष असेल तर वर्ष भरभराटीचं. सोनेरी केसांचा माणूस दारात नको असायचा. लांबलचक नावेतून आलेल्या व्हायकिंग लुटारूंची ती आठवण, असं सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या काळ्या केसांच्या पोरांना एडिंबरा-ग्लासगोत त्या रात्री मानाचं बोलावणं येतं. आलं तर टाळू नका. कोळशाचा एक खडा, शॉर्टब्रेड, चिमूटभर मीठ आणि जमल्यास व्हिस्कीची छोटी बाटली न्या. कोळसा उबेसाठी, बाकीचं घरात खाण्यापिण्याची ददात पडू नये म्हणून. रिकाम्या हाताने उंबरठा ओलांडणं हा त्या रात्री सर्वांत मोठा अपशकुन. बाराच्या ठोक्याला सगळे हात धरून ‘ऑल्ड लँग साइन’ म्हणतात. हात छातीवर आडवे धरायचे ते शेवटच्या कडव्यालाच. आधीपासून धरले तर स्कॉटिश माणूस ओळखतो की पाहुणा आहे.

६ जानेवारीला आयर्लंडात ‘नोलिग ना मान’, बायकांचा नाताळ. सगळा सण राबलेल्या बायका त्या दिवशी घर पुरुषांवर सोडून एकमेकींकडे किंवा बाहेर चहाला जातात. कॉर्क आणि केरीत ही प्रथा टिकून राहिली, आता सगळीकडे पसरते आहे. बायकांनो, शेजारणीने बोलावलं तर जाच. नाताळची सजावट त्याच दिवशी उतरवायची, आधी नाही, नंतरही नाही.

फेब्रुवारी: ब्रिजिडचा क्रूस हाताने विणा

१ फेब्रुवारीला आयर्लंडात वसंत सुरू होतो. बाहेर गारठा असतो, तरी होतो. हा संत ब्रिजिडचा दिवस, आणि त्याआधी इम्बोल्क या जुन्या सणाचा. २०२३पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. १ तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी. मरणाच्या दारात असलेल्या एका सरदाराच्या उशाशी बसून ब्रिजिडने जमिनीवर अंथरलेल्या गवताच्या काड्यांचा क्रूस विणला, अशी कथा आहे. तो दारावर लावला की घर आगीपासून सुरक्षित राहतं म्हणतात.

सामान: ‘रश’च्या २० ते ३० काड्या. पाणथळ शेतात उगवणारं हे लव्हाळ्यासारखं गवत, गोल, गुळगुळीत, पोटात पांढरा स्पंज. विळ्याने कापायचं नाही, हाताने उपटायचं. शेतकऱ्याला विचारून जा.

एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या पोटावर अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. दुमडीवर अंगठा दाबा, हा अंगठा शेवटपर्यंत सुटता कामा नये. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. उजवीकडची जोडी वर येईल. तिसरी काडी दुमडून त्या जोडीवर अडकवा, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळसा, पुन्हा नवी काडी. प्रत्येक नवी काडी आधीच्या काडीला धरून ठेवते. आठ-दहा काड्यांनंतर मध्यावर एक तिरका चौकोन उमलायला लागतो आणि हाताला लय सापडते. मुलांना हे क्षण फार आवडतात. शेवटची काडी अडकवली की तिची टोकं शेजारच्या दुमडीखाली ओढून घट्ट करा, चारही बाहू दोऱ्याने बांधा आणि टोकं सारखी कापा. काड्या कोरड्या पडून चिरत असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

क्रूस दाराच्या वर आतल्या बाजूने लावायचा, वर्षभर तसाच. ३१ जानेवारीच्या रात्री एक कापड, रुमाल किंवा ओढणी बाहेर झुडपावर टाकून ठेवतात. ब्रिजिड रात्री जाताना त्याला हात लावते. हे ‘ब्रात ब्रीजा’. डोकं किंवा घसा दुखला की तेच कापड बांधायचं. माझ्याकडे आईच्या जुन्या नऊवारीचा एक तुकडा आहे, तोच मी दरवर्षी बाहेर ठेवते.

त्यानंतर येणारा पॅनकेकचा मंगळवार सोपा. मैदा, अंडी, दूध, वरून लिंबू-साखर, आणि उलथताना हवेत उडवायचं. बकिंगहॅमशरमधल्या ओल्नी गावात बायका तवा हातात घेऊन पळतात, १४४५पासून असं सांगतात. ग्लॉस्टरशरला मेअखेरीस कूपर्स हिलवरून चीजचं चाक सोडतात आणि माणसं त्यामागे गडगडत जातात. ते पाहाच, पण उतरू नका, दरवर्षी हाडं मोडतात.

मे: विहिरी

पाण्याच्या पूजेपाशी मला इथे सर्वांत घरच्यासारखं वाटलं. क्लेअरमध्ये लिसकॅनरला ब्रिजिडची विहीर आहे. एका अरुंद बोळकांडीत तसबिरी, जपमाळा, गेलेल्यांचे फोटो, आणि शेवटी खडकातून झिरपणारं पाणी. अशा विहिरींना फेऱ्या घालतात, आणि त्या सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारख्याच उजवीकडून. उलट फिरू नका. काही ठिकाणी शेजारच्या झाडाला चिंधी बांधतात. स्कॉटलंडमध्ये मनलॉकीजवळची ‘क्लूटी’ विहीर त्यासाठी प्रसिद्ध. चिंधी कुजेल तसा आजार जाईल ही श्रद्धा, म्हणून ती सुती किंवा लोकरीचीच हवी. नायलॉन, प्लास्टिक बांधलंत तर ते कुजत नाही आणि झाडाला मात्र फास बसतो. दुसऱ्याची चिंधी सोडू नका.

डर्बीशरची तऱ्हा वेगळी, तिथे विहिरी सजवतात. टिसिंग्टन गावात ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, झऱ्यांवर फुलांची मोठी चित्रं उभी राहतात. १३४८-४९च्या प्लेगमध्ये स्वच्छ पाण्याने गाव वाचलं म्हणून, असं काही सांगतात. १६१५च्या दुष्काळात झरे आटले नाहीत म्हणून, असं दुसरे. मेपासून सप्टेंबरपर्यंत आसपासच्या गावांत एकेक करून हे चालतं, आणि फुलं लावायला माणसं कमीच पडतात. गावातल्या सूचनाफलकावर दिवस बघा आणि जाऊन ‘मदत करू का’ विचारा.

खिळे ठोकलेल्या लाकडी चौकटी आधी काही दिवस पाण्यात भिजवतात. मग त्यात मीठ घालून मळलेली ओली चिकणमाती थापतात. मीठ ओल धरून ठेवतं. कागदावरचं चित्र मातीवर ठेवून रेषेरेषेने टोचायचं, मग ठिपक्यांवरून ऑल्डर झाडाच्या काळ्या बोंडांची किंवा कॉफीच्या बियांची बाह्यरेषा. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या हाताला हे लगेच जमतं. मग पाकळ्या. रंग, काच, प्लास्टिक काही चालत नाही. सगळं उगवलेलं हवं: शेवाळ, पानं, बिया, पाकळ्या.

पाकळ्या खालून वर लावत जायच्या. प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढवायची, मंगलोरी कौलांसारखी, म्हणजे पाऊस ओघळून जातो आणि मातीत शिरत नाही. मला पहिल्या वर्षी आकाशाचा वीतभर कोपरा दिला होता. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी न बोलता माझ्या तीन पाकळ्या उचलून उलट्या लावून दाखवल्या: मागची फिकट बाजू वर. तेवढ्याने आकाशात ढग आला.

जाताना जुने कपडे घाला, माती निघत नाही. पाकळ्या उचलायला बारीक चिमटा न्या, पाठीला उशी न्या, आणि सगळ्यांना पुरेल असं काहीतरी खायला. काम चार-पाच दिवस चालतं, शेवटच्या रात्री उशिरापर्यंत. मी पहिल्या वर्षी नारळाच्या वड्या नेल्या होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्या बाईंचं पत्र आलं: चौकटी या सोमवारपासून पाण्यात टाकतोय, कोपरा तुझाच, आणि त्या पांढऱ्या वड्या विसरू नकोस.